जुनं ड्रॉइंग, नवी फाइल : भोसरी ते चाकण, एका टिफची गोष्ट

हा भाग तुम्ही बहुधा फोनवरच ऐकताय किंवा वाचताय, म्हणून फोनपासूनच सुरुवात करू.

आयफोनवाल्या मित्रानं ट्रेकचे फोटो पाठवले आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपवर ते उघडलेच नाहीत, असं कधी झालंय? फाइलच्या नावामागे 'एचईआयसी' असं शेपूट असतं. २०१७ मध्ये अ‍ॅपलनं आयओएस ११ आणलं, तेव्हापासून नवे आयफोन या फॉरमॅटमध्ये फोटो साठवायला लागले. नाहीतर एखाद्या साइटवरून चित्र उतरवलं तर ते 'वेबपी' निघतं, आणि ऑनलाइन फॉर्म म्हणतो, फक्त जेपीजी चालेल. मग आपण सर्च मारतो, पहिली कन्व्हर्टर साइट उघडतो, फाइल टाकतो, नवी फाइल घेतो. चित्र दिसलं, विषय संपला.

ट्रेकच्या फोटोला एवढं पुरतं. पण चित्रात आकडे असतील आणि त्या आकड्यांवर कुणी लोखंड कापणार असेल, किंवा कुणाच्या जमिनीची हद्द ठरणार असेल, तर? आजचा भाग त्या चित्रांबद्दल आहे. मी चिंचवडला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, पण आजूबाजूला सगळं लोखंडाचं राज्य. या पट्ट्यात एका ड्रॉइंगचा कागद ते फाइल आणि फाइल ते नवी फाइल असा प्रवास कसा झाला, ते आज बघू.

कागद खराब झाला की दिसायचा

आधी पट्ट्याची थोडी ओळख. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्याच दशकात आकुर्डीत बजाज ऑटो आणि पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी राहिली. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली १९७० मध्ये, महापालिका १९८२ मध्ये. म्हणजे आमच्याकडे आधी भोंगे वाजायला लागले, शहर मागून आलं. मग गाडी नाशिक रस्त्यानं पुढे सरकली : चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, २०१० मध्ये महिंद्राचा.

मोठ्या कारखान्याला लागणारे हजारो छोटे पार्ट भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधून येतात. आणि मोठी कंपनी व छोटं वर्कशॉप यांच्यात बोलायची भाषा एकच : ड्रॉइंग. तोंडी काय ठरलं याला फारशी किंमत नसते. ड्रॉइंगवर जे लिहिलंय ते खरं.

कॉम्प्युटर येण्याआधी ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपरवर शाईनं ड्रॉइंग काढायचा. मूळ प्रत कपाटात राहायची, शॉप फ्लोअरवर जायची ती तिची कॉपी. ही कॉपी काढायची युक्ती जुनी आहे. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये लोखंडाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद वापरून चित्र उमटवलं. उजेड पडेल तिथे कागद निळा होतो; रेघेच्या सावलीतला भाग पांढरा राहतो. हीच ब्लू प्रिंट. पुढे अमोनिया प्रिंट आली. तिच्यात पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा उमटतात, आणि त्या उमटवायला अमोनियाची वाफ लागते. ज्यांनी त्या काळात टूलरूममध्ये उमेदवारी केली त्यांना विचारा, नाकात गेलेला तो वास अजून आठवतो त्यांना.

या पद्धतीची एक गोष्ट लक्षात ठेवा, ती आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे. मूळ कागद वर, कोरा कागद खाली, वरून उजेड. त्यामुळे कॉपी मूळ मापाचीच निघायची. आणि कॉपी वाईट आली तर ती वाईट *दिसायची*. रेघ पुसट, आकडा अर्धा, कोपरा काळा. ६८ चा आकडा नीट उमटला नाही तर कारागीर म्हणायचा, "हे वाचता येत नाही, दुसरी प्रिंट आणा." पण ६८ चा स्वच्छ, ठळक ८८ होणं या कागदाला जमायचंच नाही.

फॅक्स मशीनचं गणित

मग ही ड्रॉइंग स्कॅन करायची वेळ आली. किती मोठं काम होतं, हिशेब करून बघा. सगळ्यात मोठा ड्रॉइंगचा कागद म्हणजे ए-झीरो, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. एका इंचात २०० ठिपके या हिशेबानं तो स्कॅन केला तर साधारण ६,६२० बाय ९,३६० ठिपके होतात, म्हणजे सुमारे ६ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपका फक्त काळा किंवा पांढरा, म्हणजे एक बिट. तरी फाइल होते पावणेआठ एमबीची. तेव्हाच्या फ्लॉपीत मावायचे १.४४ एमबी. एका ड्रॉइंगला सहा फ्लॉप्या!

इथे मदतीला आलं फॅक्स मशीन. फॅक्स पाठवताना टेलिफोनचा मिनिटामिनिटाला पैसा जायचा, म्हणून चित्र कमीत कमी बिटांत बसवायचं डोकं तिथे आधीच लढवलेलं होतं. १९८४ मध्ये ठरलेली त्यातली एक पद्धत म्हणजे 'ग्रुप फोर'. तिची कल्पना एकदम सोपी : प्रत्येक ओळ पूर्ण सांगायची नाही, वरच्या ओळीपेक्षा काय बदललं तेवढंच सांगायचं. वरची ओळ कोरी, खालचीही कोरी, तर पूर्ण ओळ एका बिटात संपते. हजारो ठिपक्यांची ओळ, एक बिट.

ड्रॉइंगमध्ये बहुतेक जागा कोरीच असते. म्हणून पावणेआठ एमबीचं चित्र काहीशे केबीत बसायला लागलं. आणि मुख्य म्हणजे, ग्रुप फोर काहीही फेकून देत नाही. गुंडाळलेलं परत उलगडलं की ठिपक्याला ठिपका तोच.

बेचाळीस नंबरचा डबा

आता हे गुंडाळलेलं चित्र ठेवायला डबा हवा. तो डबा म्हणजे टिफ. १९८६ मध्ये अ‍ॅल्डस या अमेरिकन कंपनीनं तो काढला. तेव्हा प्रत्येक स्कॅनरवाला आपापला फॉरमॅट वापरत होता. सगळ्यांचं एक असावं हा हेतू.

टिफ फाइलची सुरुवात मला भारी आवडते. पहिली दोन अक्षरं एकतर 'आय-आय' किंवा 'एम-एम', आणि त्यानंतर ४२ हा आकडा. 'आय' म्हणजे इंटेल, 'एम' म्हणजे मोटोरोला. या दोन जातीच्या चिप्स मोठी संख्या उलटसुलट क्रमानं लिहायच्या. कुणी ५/६ अशी तारीख लिहिली तर पाच जून की सहा मे, असा जो घोळ होतो ना, तोच. टिफ पहिल्या दोन अक्षरांतच सांगून टाकतो की मी कुठल्या पद्धतीनं लिहिलोय. बाकी सगळं टॅगमध्ये. २५९ नंबरचा टॅग सांगतो चित्र कसं गुंडाळलंय. तिथे ४ लिहिलं असेल तर ग्रुप फोर. २६२ नंबरचा सांगतो की शून्य म्हणजे पांढरं की काळं. आणखी दोन टॅग सांगतात एका इंचात किती ठिपके, म्हणजेच कागद मुळात किती मोठा होता.

डबा एकच, पण आत काहीही असू शकतं, ही टिफची ताकद आणि डोकेदुखी दोन्ही. १९९२ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली. तिच्यात टिफच्या आत जेपेग ठेवायची सोय होती, पण ती इतकी गोंधळाची होती की १९९५ मध्ये तिच्या जागी दुसरी पद्धत आणावी लागली. मधल्या काळात ज्यांनी फाइली बनवल्या त्यांच्या फाइली आजही अनेक सॉफ्टवेअर उघडत नाहीत. १९९४ मध्ये अ‍ॅल्डस अ‍ॅडोबीत विलीन झाली. सहाव्या आवृत्तीनंतर सातवी आलीच नाही.

तरी टिफ टिकला. का? कारण त्याचं पूर्ण वर्णन सगळ्यांसाठी खुलं होतं. सॅम लेफलर या प्रोग्रामरनं लिबटिफ नावाचं सॉफ्टवेअर १९८८ च्या सुमारास लिहून सगळ्यांना मोकळं दिलं. ते आजही चालतं, आणि टिफ उघडणाऱ्या कितीतरी प्रोग्रामच्या पोटात तेच बसलेलं असतं.

याच्या उलट जिफचं झालं. हो, तेच जिफ, ज्यात आपण मीम पाठवतो. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं ते आणलं. चित्र गुंडाळायला त्यात एलझेडडब्ल्यू नावाची पद्धत होती, आणि त्या पद्धतीचं पेटंट होतं युनिसिस कंपनीकडे. १९९४ च्या डिसेंबरात जाहीर झालं की जिफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला आता लायसन्सचे पैसे भरावे लागतील. सात वर्षं सगळं जग जे फुकट समजून वापरत होतं, त्याचा मालक एकदम दारात उभा! चिडलेल्या प्रोग्रामर लोकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पेटंटमुक्त फॉरमॅट तयार केला, तोच आपला पीएनजी. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं. म्हणजे फाइल तुमची, चित्र तुमचं, पण ते बनवायच्या पद्धतीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असं होऊ शकतं. फॉरमॅट निवडताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मामांच्या सीड्या

आता इतिहास भोसरीत आणतो. माझ्या मामांचं तिथे छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, तीन जुन्या लेथ, एक मिलिंग, आणि जॉब वर्क. त्यांच्याकडे गिऱ्हाइकांनी २००० च्या आसपास सीडीवर दिलेली जुन्या पार्टची ड्रॉइंग होती, अकराशेच्या घरात, सगळी टिफ. ज्या मशीनचे ते पार्ट आहेत त्यातली काही मशीन बनवणाऱ्या कंपन्याच आता नाहीत. पण मशीन चालू आहेत, आणि मशीन चालू आहे तोवर त्याचा शाफ्ट कधीतरी झिजणारच. तो परत बनवायचा तर आधार एकच, ती टिफ फाइल.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं कळवलं की यापुढे कोटेशनबरोबर ड्रॉइंग पोर्टलवर चढवायचं आणि पोर्टल फक्त पीडीएफ घेईल. वर्कशॉपमधल्या नव्या मुलांच्या फोनवर तर बऱ्याच टिफ उघडतच नव्हत्या. काही उघडल्या त्या उलट्या, पूर्ण काळा कागद आणि पांढऱ्या रेघा. म्हणजे त्या अ‍ॅपनं २६२ नंबरचा टॅग वाचलाच नव्हता.

मामा म्हणाले, "तुझं कॉम्प्युटरचं शिक्षण झालंय ना? मग रविवारी बस आणि सगळ्याचं पीडीएफ करून टाक. चहा-भजी माझ्याकडून."

एका रविवारचं काम नव्हतं ते. आधी मी चाचणीसाठी दहा ड्रॉइंग निवडली. अशी, की ज्यांच्या जुन्या अमोनिया प्रिंट मामांनी गुंडाळ्या करून जपून ठेवल्या होत्या. म्हणजे फाइल काय म्हणते आणि कागद काय म्हणतो, शेजारी ठेवून बघता येईल. मग तीन वाटांनी रूपांतर केलं.

पहिली वाट, एक मोफत ऑनलाइन कन्व्हर्टर. त्यावर टाकायला मी स्वतः काढलेलं एक नमुना ड्रॉइंग वापरलं, कारण गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग अनोळखी सर्व्हरवर चढवणं म्हणजे त्याच्या घराची किल्ली रस्त्यावर ठेवण्यासारखं आहे. त्या साइटनं आतल्या आत आधी जेपेग केलं आणि मग पीडीएफ. जेपेग १९९२ पासूनचं प्रमाण आहे आणि फोटोसाठी उत्तमच आहे. पण ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळतं. आकाश, चेहरा, डोंगर यांत ते कळत नाही. काळ्या रेघेच्या कडेला मात्र धुरकट डाग येतात. साडेतीनशे केबीची फाइल चार एमबीची झाली आणि आकडे आधीपेक्षा वाईट. शिवाय इंचाला किती ठिपके ही माहिती वाटेत गळाली, त्यामुळे कागदाचं मापच बदललं.

दुसरी वाट, माझ्याच लॅपटॉपवर एका सॉफ्टवेअरनं 'डाग साफ करा' हा पर्याय चालू ठेवून. चित्र एकदम चकाचक! स्कॅनमधली धूळ गेली, कडा स्वच्छ. मामांनी चष्मा लावला, अमोनिया प्रिंट शेजारी घेतली आणि एका जागी बोट ठेवलं. कागदावर चॅम्फर २.५ होता, स्क्रीनवर २५. दशांशाचं टिंब धुळीबरोबर साफ झालं होतं.

त्यात नवल नाही. कागदावर अर्ध्या मिलिमीटरचं टिंब या स्कॅनमध्ये जेमतेम चार ठिपके रुंद असतं. धुळीचा कणही तेवढाच. यंत्राला दोघांत फरक कळायचं कारण नाही. मामांना कळला, कारण त्या शाफ्टला २५ चा चॅम्फर बसूच शकत नाही हे त्यांच्या हाताला माहीत आहे. पण नव्या मुलाला? आणि बेअरिंगच्या जागेवर ४० डायाला के-६ टॉलरन्स असतो, म्हणजे ०.००२ ते ०.०१८ मिलिमीटर जास्त. तिथे एक टिंब किंवा एक शून्य हललं तर बेअरिंग बसणार नाही, जॉब रिजेक्ट, मटेरियल गेलं, आणि बऱ्याचदा गिऱ्हाइकही गेलं. दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला असं एक गिऱ्हाईक जाणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

तिसरी वाट सगळ्यात साधी निघाली. पीडीएफच्या आत ग्रुप फोरचं चित्र जसंच्या तसं राहू शकतं. म्हणजे चित्र उलगडायचं नाही, परत गुंडाळायचं नाही. टिफच्या डब्यातून काढून पीडीएफच्या डब्यात ठेवायचं. डबा नवा, आतला माल तोच. यासाठी मोफत, खुली साधनं आहेत. लिबटिफबरोबर आलेलं एक छोटं साधनही हे काम करतं. मी स्क्रिप्ट लिहिली, आणि तपासणीचीही वेगळी स्क्रिप्ट लिहिली : प्रत्येक जुनी फाइल आणि प्रत्येक नवी फाइल उलगडून ठिपक्याला ठिपका ताडून बघायचा. एकही फरक निघाला तर ती फाइल बाजूला.

जवळपास सगळ्या पार झाल्या. थोड्या अडल्या, त्यात ती १९९२ ची गोंधळाची जेपेगवाली जातही होती. त्यांच्यासाठी मामांनी माळ्यावरून अमोनिया प्रिंट काढल्या आणि त्या परत स्कॅन केल्या. दोन सीड्या वाचल्याच गेल्या नाहीत. त्यातली ड्रॉइंग जिथे गिऱ्हाइकाकडे मिळाली तिथून मागवली. मूळ टिफ एकही पुसली नाही, त्या दोन हार्ड डिस्कवर आहेत.

जर्मनीतल्या तीन खोल्या

तुम्हाला वाटेल, टिंब गेलं ही छोटी गोष्ट आहे. मग २०१३ सालची गोष्ट ऐका. जर्मनीत डेव्हिड क्रिझेल या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाकडे एक विचित्र तक्रार आली. एका इमारतीचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या मशीनवर स्कॅन केला होता. नकाशात तीन खोल्यांचं क्षेत्रफळ लिहिलं होतं : १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तिन्ही खोल्या १४.१३! आणि आकडे पुसट नाहीत, वाकडे नाहीत. स्वच्छ, ठळक, सुबक, आणि चूक.

कारण काय? त्या मशीनमध्ये जेबिग-टू नावाची गुंडाळायची पद्धत होती. ती पानावर सारखे दिसणारे तुकडे शोधते, त्यातला एकच जपून ठेवते आणि बाकी जागी त्याचीच प्रत चिकटवते. दोन तुकडे 'पुरेसे सारखे' आहेत असं तिला वाटलं की संपलं. बारीक अक्षरात ६ आणि ८ पुरेसे सारखे दिसतात. क्रिझेलनं हे इंटरनेटवर मांडलं, जगभर गाजलं, आणि कंपनीला मशीनच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढावी लागली.

आता ती अमोनिया प्रिंट आठवा. ती बिघडली की बिघडलेली दिसायची. इथे चित्र बिघडलं आणि आधीपेक्षा सुंदर दिसायला लागलं. कागदाकडून फाइलकडे येताना आपण नेमकं हे गमावलं. बिघाड झालाय हे डोळ्याला कळायची सोय गेली. म्हणून "दिसतंय ना?" हा प्रश्न पुरत नाही. "आकडा तोच आहे ना?" हे वेगळं तपासावं लागतं.

चाकणच्या जमिनीचे कागद

ज्यांच्या घरी कारखाना नाही त्यांनाही हे लागू आहे, कारण जमीन बहुतेकांच्या घरी कुठेतरी आहे किंवा होती. चाकण खेड तालुक्यात येतं. आज जिथे प्रेस शॉप आणि गोदामं आहेत तिथे आधी शेतं होती, आणि प्रत्येक शेताला सातबारा होता : गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कोणतं. जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे राज्य सरकारनं स्कॅन करून 'आपले अभिलेख' या पोर्टलवर ठेवायला घेतले. आणखी मागे गेलात तर काही कागद मोडी लिपीत भेटतात. हे सगळं आता चित्र आहे. आणि त्या चित्रातला एक आकडा म्हणजे कुणाचा तरी बांध.

रूपांतरात काय गळतं, याचं एक जमिनीतलंच उदाहरण देतो. जुन्या कागदावर मोजमाप एकर-गुंठ्यात, नव्यावर हेक्टर-आरमध्ये. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, म्हणून बोलताना लोक एकच धरतात. पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ४०.४७ आर. '४० गुंठे म्हणजे ४० आर' असं कुणी धरलं तर एकरामागे ४७ चौरस मीटर हवेत. एका छोट्या वन बीएचकेएवढी जागा! आकडा तोच, पण त्याच्या मागचं एकक हरवलं की अर्थ गेला. ड्रॉइंगमध्ये इंचाला किती ठिपके ही माहिती गळते तेव्हा अगदी हेच होतं.

आणि एक गोष्ट तर तुमच्या फोनमध्येच असेल. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळायला लागला. ती सही पीडीएफच्या बाइट्सवर असते. एक बाइट बदलला तरी तपासणीत कळतं. आता तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून भावाला पाठवला. भावाला सही दिसते. पण ती आता सहीचं नुसतं चित्र आहे. पडताळून बघायला त्यात काही उरलेलं नाही. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली असती तर सही जिवंत राहिली असती.

मग करायचं काय?

तुमच्याकडे जुन्या फाइली असतील, आजोबांच्या कागदांचे स्कॅन, वडिलांच्या वर्कशॉपची ड्रॉइंग, तर एवढं करा.

मूळ फाइल पुसू नका. जागा स्वस्त आहे. रूपांतर ही वापरायची प्रत, मूळ फाइल ही साक्षीदार.

फॉरमॅट खुला आणि जगात सगळीकडे वाचला जाणारा निवडा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी ग्रुप फोर असलेलं पीडीएफ. त्याचा जपणुकीसाठीचा प्रकार पीडीएफ-ए, २००५ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. रंगीत नकाशा किंवा रेघांसाठी पीएनजी. फोटोसाठी मूळ जेपेग आहे तसंच ठेवा. जेपेगचं परत जेपेग करत बसू नका, प्रत्येक वेळी थोडं गळतं. वेबपी साइटसाठी छान आहे, पण त्यात एका बाजूला जास्तीत जास्त १६,३८३ ठिपके मावतात. ए-झीरो ड्रॉइंग इंचाला ४०० ठिपक्यांनी स्कॅन केलं तर लांब बाजू १८,७०० च्या वर जाते. मावणारच नाही.

'साफ करा', 'सुंदर करा', 'एआयनं सुधारा' ही बटणं आकडे असलेल्या चित्रावर दाबू नका. पुसट जागी काय असावं याचा ती अंदाज बांधतात, आणि तो अंदाज ठळक अक्षरात लिहून देतात. त्यापेक्षा पुसट राहिलेलं बरं, निदान माणूस थांबून विचारतो तरी.

आणि तपासा. शंभर फाइली असतील तर दहा उघडून, कागद शेजारी ठेवून, आकडे मोठ्यानं वाचा. ते वाचताना त्या कामातला जुना माणूस सोबत असू द्या. स्क्रिप्टला ठिपके सारखे आहेत एवढंच कळतं. तो शाफ्ट, ते शेत, ती खोली प्रत्यक्षात कशी असू शकते आणि कशी असूच शकत नाही, हे त्या माणसाला कळतं. ही माणसं निवृत्त होतायत, कुणी गावाकडे परत जातायत. सीडी खराब होण्याआधी जशी कॉपी करायची, तसं ते आहेत तोवर त्यांच्यासोबत एकदा बसून घ्या.

तुमच्या घरी, कारखान्यात, ऑफिसात अशी न उघडणारी जुनी फाइल पडली असेल तर कळवा. फाइल पाठवू नका हं, फक्त गोष्ट सांगा! निवडक गोष्टी पुढच्या एखाद्या भागात घेऊ. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटू लवकरच.